तीन दिवस अलीकडे

पेन्सिलीचं साल न तुटता अखंड निघालं होतं — लाकडाची चिमुकली गोल झालर, कडेला पिवळी नागमोडी रेघ — आणि ते आता वहीच्या मधल्या शिवणीवर बसून पंख्याच्या प्रत्येक फेरीबरोबर जरासं थरथरत होतं. उडेल, आता उडेल, असं वाटायचं आणि ते उडायचं नाही. वल्लरी डोळ्यांनी त्या सालाकडे होती आणि कानांनी फळ्याकडे, निदान तिला तसं वाटत होतं. नववी ब, तिसरा तास. निशिगंधा मॅडम फळ्यावर एकाखाली एक लिहीत चालल्या होत्या — पुट ऑफ, कॉल ऑफ, सी ऑफ, पुट अप विथ — आणि प्रत्येक शब्दानंतर खडू फळ्यावर टक्कन आपटत होता.

हे फ्रेजल व्हर्ब वल्लरीला मनापासून आवडायचे. सुटे शब्द पहिलीतल्या मुलालासुद्धा येतील असे, आणि दोन एकत्र आले की त्यांचं काही भलतंच होऊन बसायचं. तिने त्यांच्यासाठी एक वेगळी वहीच केली होती, मागच्या बाजूने वाक्प्रचार — ‘अंडर द वेदर’ म्हणजे बरं नसणं, ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणं — वर्गात कोणाला काही अडलं की सगळ्यांच्या माना आपोआप तिच्या बाकाकडे वळायच्या, आणि शेजारची रुचिता तर कौतुकाने तिच्या पाठीवर थापच मारायची. घरीही तेच. बँकेचा मेसेज, गॅसचा मेसेज, सोसायटीच्या ग्रुपवर कोणी इंग्रजीत भांडलं तर ते भांडणसुद्धा — “वल्लू, बघ गं, काय म्हणतायत?”

“आता नीट लक्ष द्या,” मॅडम वळल्या. “ब्रिंग फॉरवर्ड. इथे सगळे फसतात, दरवर्षी फसतात. ब्रिंग म्हणजे आणणे, फॉरवर्ड म्हणजे पुढे. मग तारीख पुढे आणली म्हणजे काय झालं?”

“पुढे ढकलली!” वर्ग एका सुरात ओरडला.

“चूक. बरोब्बर उलटं. परीक्षा वीस तारखेला होती आणि ती ब्रॉट फॉरवर्ड झाली, तर ती पंधराला होणार. अलीकडे आणली. लवकर. पुढे ढकलणं म्हणजे पुट ऑफ, ते वर लिहिलंय. लिहून घ्या.”

वल्लरीने लिहून घेतलं. ‘अलीकडे आणणे, लवकर घेणे.’ ‘घेणे’वरची मात्रा देताना तिचा हात थांबला, आणि थांबलेल्याच हाताखाली तिला परवाचा रविवार दिसायला लागला — तो आधीपासूनच तिथे, कागदाच्या मागे असल्यासारखा.

रविवार. आई पोह्यांचे हात पदराला पुसत आली होती आणि मोबाइल तिच्यासमोर धरून उभी राहिली होती. आईने नोकरीसाठी अर्ज केला होता त्या घोडबंदर रोडवरच्या लॅबचा मेसेज. शुक्रवारी, एकवीसला, साडेअकरा वाजता मुलाखत ठरली होती, ती... हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड बाय थ्री डेज. वेळ आणि जागा तीच. कृपया कळवावे. बाबा पेपरमधून डोकं वर काढून बघत होते. आई बघत होती. आईच्या चेहऱ्यावर तो भाव होता — डॉक्टरांकडे रिपोर्ट दिल्यावर माणसं जशी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतात तसा — आणि वल्लरीला ते दोन शब्द माहीत नव्हते. नव्हतेच माहीत. ब्रॉट माहीत होतं, फॉरवर्ड माहीत होतं. मोबाइल हातातच होता, त्यातच डिक्शनरी होती, चार अक्षरं टाइप केली की... पण मग आईला कळलं असतं की हिला बघावं लागतं. “इंटरव्ह्यू पुढे गेलाय,” ती म्हणाली होती. “तीन दिवस. म्हणजे सोमवारी, चोवीसला.” न अडखळता. जणू घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं. आणि आईच्या तोंडून केवढा मोठा सुस्कारा निघाला होता — “बरं झालं बाई, तेवढीच तयारी होईल.” तो सुस्कारा ऐकून वल्लरीला इतकं छान वाटलं होतं की उत्तरही तिनेच टाइप केलं, ‘नोटेड, थँक यू,’ आणि मग ते दोघींनी मिळून पाठवलं.

एकवीसातून तीन. वीस, एकोणीस, अठरा. फळ्याच्या कोपऱ्यात मॉनिटरने सकाळी सुबक अक्षरात लिहून ठेवलं होतं — मंगळवार, १८.

भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

आई आत्ता कोपरीला असेल. सकाळी बाबांबरोबरच निघाली ती, ऋजुतामावशीकडे, मुलाखतीसाठी घेतलेल्या नव्या कुर्त्याला बाह्या लावून घ्यायला — मावशी घरीच शिवते. कोपरी म्हणजे ठाणंच. तिथून घोडबंदर रोड... तास लागेल, गर्दी असली तर सव्वा. म्हणजे आत्ता, या क्षणी, कोणी आईला सांगितलं तर ती आरामात पोचेल. चहा पिऊनसुद्धा पोचेल. कोणी सांगितलं तर. कोणी म्हणजे मीच, दुसरं कोण आहे?

तिने हात वर केला.

मॅडमचा चेहरा उजळला. “हां, वल्लरी. मला वाटलंच. तू कर वाक्य, ब्रिंग फॉरवर्डचं.”

मॅडम, मला ऑफिसमध्ये जाऊन फोन करायचाय. एवढं एकच वाक्य होतं. ते तिच्या जिभेवर अगदी तयार होतं, मराठीत होतं, कठीण नव्हतं. पण बेचाळीस माना वळल्या होत्या, रुचिता आधीच हसायला लागली होती — हिला येणारच — आणि फोन कशाला म्हणून मॅडम विचारतील, आणि मग सगळ्यांसमोर सांगावं लागेल, की आत्ता तुम्ही सगळे जे ओरडलात ना, तेच मी परवा...

“द एक्झॅम वॉज ब्रॉट फॉरवर्ड बिकॉज ऑफ द इलेक्शन,” वल्लरी म्हणाली.

“व्हेरी गुड! बघा, पॅसिव्हमध्ये केलं तिने. लिहा सगळ्यांनी.”

आणि सगळ्यांनी ते लिहून घेतलं. बेचाळीस वह्यांमध्ये ते वाक्य उतरत असताना येणारी ती खरखर वल्लरी ऐकत बसली. रुचिताने पाठीवर थाप मारली. वल्लरीने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं, आणि तरीही — हे तिला नंतर कितीतरी वेळ समजलं नाही — तरीही त्या ‘व्हेरी गुड’ने आत कुठेतरी एक क्षणभर गोड वाटलंच होतं.

चौथ्या तासाला गणित. तिने पाचच मिनिटांत बाहेर जायची परवानगी मागितली आणि मिळाली. कॉरिडॉर रिकामा होता. कुठल्याशा वर्गात पाढे चालले होते. ऑफिसचं दार अर्धं उघडं होतं, आत क्लार्क कोणा पालकाशी दाखल्यावरून वाद घालत होते, आणि टेबलावर तो काळा फोन, ज्यावरून मुलांना फक्त ताप आला किंवा उलटी झाली तरच फोन करू देत. ती दाराशी उभी राहिली. आपल्याला ताप आलाय असं सांगावं का? पण मग घरी पाठवतील... किंवा खरंच सांगावं. ‘माझ्या आईचा आज इंटरव्ह्यू आहे आणि ते तिला माहीत नाही.’ हे वाक्य मनात म्हणून बघितलं तर कोणी तरी हसेल असंच वाटत होतं. माहीत कसं नाही? तिचा इंटरव्ह्यू आणि तिलाच माहीत नाही?

कारण तिने माझ्यावर विश्वास ठेवला, साहेब.

ती तिथून नळाकडे गेली. पाणी प्यायली. पुन्हा दाराशी आली, पालक अजून होतेच. ती वर्गात परत आली आणि एक्स अधिक वायचा वर्ग उतरवून घेऊ लागली. दहाला पाच कमी.

खरं सांगायचं तर — आणि हे तिला गणिताची तिसरी ओळ लिहिताना स्पष्ट दिसलं, इतकं स्पष्ट की तिने इकडेतिकडे पाहिलं, कोणाला दिसलं तर नाही ना — खरं सांगायचं तर मला ती नोकरी नकोच आहे. आईने डीएमएलटी केलंय, म्हणजे लॅबमध्ये रक्त तपासायचा डिप्लोमा, लग्नाआधीपासून कल्याणच्या एका लॅबमध्ये दोन वर्षं होती, आणि मग मी सातव्या महिन्यातच जन्माला आले आणि तिने ते सोडलं. ‘तुझ्यासाठी सोडलं’ असं ती कधीही म्हणाली नाही. एकदाही नाही. तेच जास्त वाईट. आता ती म्हणते, वल्लू मोठी झाली, आता जाते. पण म्हणजे सकाळी सातला निघून संध्याकाळी सातला. म्हणजे मी शाळेतून आले की कुलूप, जेवण झाकलेलं, आणि आई कोणातरी अनोळखी माणसांच्या हातात सुया टोचत असणार, त्यांच्याशी बोलत असणार, तिचे मेसेज तिथेच कोणीतरी वाचून देणार... मग परवा मला ते दोन शब्द खरंच कळले नव्हते, की मला कळून घ्यायचे नव्हते? नाही. असं नाही. मला माहीत नव्हते, देवाशपथ माहीत नव्हते. पण बघितलंही नाही. आणि आत्ता? आत्ता तर माहीत आहेत ना? मग आत्ता तू कोणासाठी बसली आहेस इथे, हा वर्ग पूर्ण करत?

दहा वीस. घंटा व्हायला अजून पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत ती बाकाखाली पाय इतके हलवत होती की रुचिता वैतागून म्हणाली, “अगं, काय झालंय तुला? बाक हलतोय.”

“काही नाही.”

“बाथरूमला जायचंय?”

“काही नाही म्हटलं ना!”

घंटा झाली आणि ती धावली. ऑफिसला कुलूप — क्लार्क चहाला गेले होते. कुलुपाकडे बघून तिला भयंकर हलकं वाटलं, चला, आता आपल्या हातात काही राहिलं नाही, आणि त्या हलकेपणाचीच तिला इतकी भीती वाटली की ती जिन्याखाली बसलेल्या शिपाई कलावतीमावशींसमोर जाऊन उभी राहिली आणि धाप लागल्यासारखी म्हणाली, “मावशी, तुमचा फोन द्या. प्लीज. माझ्या आईला करायचाय.”

कलावतीमावशींनी डब्यातून डोकं वर केलं. “काय गं, बरं नाय का?”

“बरं आहे. माझी चूक झालीये.”

कलावतीमावशींनी तिच्याकडे जरा बघितलं. मग हाताला लागलेलं कालवण डब्याच्या कडेला पुसून कमरेची पिशवी उघडली. “नंबर पाठ हाय का?”

एकच नंबर पाठ होता. रिंग वाजत राहिली. तिसऱ्या रिंगला आईचा आवाज, मागे शिलाई मशीनची धडधड. “कोण?”

“आई, मी. आई, तो इंटरव्ह्यू आज आहे.”

“काय? ऐकू येत नाही, ऋजू, मशीन थांबव जरा. हां, बोल. कुठून बोलतेयस? काय झालं?”

“इंटरव्ह्यू आज आहे. साडेअकराला. मी चुकीचं वाचलं. तो पुढे नाही गेला, अलीकडे आला.”

वल्लरी जिन्याच्या कठड्याला घट्ट धरून उभी होती. तिला वाटलं, आता ओरडेल. ओरडावं. तिने डोळे मिटून घेतले.

“आता किती वाजले?” आईने विचारलं.

“दहा पस्तीस.”

“बरं,” आई म्हणाली, आणि मग फोनमध्ये नाही, दुसरीकडे — “ऋजू, तुझा तो निळा ड्रेस दे मला, हो, इस्त्री नसली तरी चालेल” — आणि मग पुन्हा फोनमध्ये, “ठेव.”

ठेव. एवढंच. पुढचे सगळे तास ते ‘ठेव’ तिच्या कानात बसून होतं. त्यात राग आहे का, हे ती उलटून पालटून बघत राहिली; सापडला असता तर बरं वाटलं असतं. भूगोलाच्या तासाला पुस्तकात नकाशा होता आणि ती त्या नकाशावर घोडबंदर रोड शोधत होती, जो त्यात असणं शक्यच नव्हतं. आता रिक्षात बसली असेल. आता कुठेतरी अडकली असेल, पुढे बस, मागे बस, शेजारी सिमेंटचा ट्रक. साडेअकरा झाले. अकरा चाळीस. मूळ सर्टिफिकेटं तर डोंबिवलीत घरच्या कपाटात आहेत! — हे आठवलं तेव्हा तिच्या हातातलं पेन खाली पडलं. मोबाइलमध्ये फोटो आहेत फक्त, अर्ज करताना मीच काढले होते, एक तर तिरका आला होता...

दीडला ती घरी आली. कुलूप उघडलं, दप्तर टाकलं, झाकलेल्या जेवणावरचं ताट काढून बघितलं आणि पुन्हा ठेवलं. घर खूप नीटनेटकं होतं. ती आईच्या खोलीत गेली, स्वयंपाकघरात गेली, गॅलरीत गेली. शेजारी कोणाच्या तरी मिक्सरचा आवाज. तिने दोनदा मोबाइल — जुना, नुसता घरात वापरायचा — उचलला आणि दोनदा ठेवला. मुलाखत चालू असताना वाजला तर? अडीच. तीन. तिने वाक्प्रचारांची वही काढली आणि परत दप्तरात कोंबली. तीननंतर तिने आईचं कपाट उघडून सर्टिफिकेटांची फाइल काढली, का ते तिला माहीत नव्हतं. सगळ्यात वर आईचा एक फोटो होता, पासपोर्ट साइजचा — दोन वेण्या, पांढरा कोट, ओठ घट्ट मिटलेले, हसू आवरल्यासारखे. ही मुलगी मी कधीच पाहिलेली नाही, तिला वाटलं. ही माझ्यापेक्षा जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठी असेल.

सव्वाचारला लॅच वाजलं.

आई मावशीच्या निळ्या ड्रेसमध्ये होती; तो तिला खांद्यांत ढगळ होत होता आणि एक बाही वर दुमडलेली होती. चप्पल काढता काढताच ती बोलायला लागली, आणि वल्लरी दारातच उभी राहिली, कारण आई अशी बोलत नसे.

“पावणेबारा झाले गं पोचायला. तो मॅनेजर म्हणाला, मॅडम, यू आर लेट. मी म्हटलं, सॉरी सर, आय अंडरस्टुड राँग डेट. बरोबर बोलले ना? नाहीतर जाऊ दे, कळलं त्याला. म्हणाला, बाकीचे झाले, तुम्ही बसा. मग बसवून ठेवलं तासभर. मला वाटलं, आता उठावं. तेवढ्यात आतून आवाज — एक आजोबा आले होते रक्त द्यायला, ऐंशीच्या पुढचे, आणि त्यांची शीरच सापडत नव्हती. एका पोरीने दोनदा टोचलं. ते बिचारे कळवळले. तिथल्या वरच्या बाई बाहेर आल्या, मला म्हणाल्या, तुम्ही मुलाखतीला आलात ना, बघा जरा, मी उभी आहे इथे. वल्लू, चौदा वर्षांनी गं. मी आजोबांना म्हटलं, आजोबा, मूठ घट्ट करा, गावाचं नाव सांगा. ते म्हणाले, राजापूर. आणि मी डोळे मिटून बोटाने नुसतं चाचपलं, आणि ती लागली बोटाला. एकदाच टोचलं. आजोबा म्हणाले, झालं पण?”

ती हसली. ती जमिनीवरच बसली होती, भिंतीला टेकून, पर्स अजून खांद्यालाच. त्या हसण्यात वल्लरी कुठेच नव्हती, आणि हे तिला इतकं लख्ख जाणवलं की काय वाटावं तेच कळेना — अभिमान, की मघाशी रिकाम्या घरात वाटलं होतं तेच एकटेपण पुन्हा.

“मग? मिळाली?”

“कळवतो म्हणाले. दोघीतिघी आहेत अजून. कागद उद्यापर्यंत आणून द्यायचेत.” आईने डोळे मिटले. मग उघडले. “तू जेवलीस का?”

“नाही.”

“का?” आणि उत्तराची वाट न बघता, “शाळेत कसं कळलं गं तुला?”

“इंग्लिशच्या तासाला शिकवलं. ब्रिंग फॉरवर्ड.”

“कितवा तास असतो मंगळवारी इंग्लिशचा?”

“तिसरा,” वल्लरी म्हणाली, आणि म्हणताक्षणीच तिला कळलं. आईला तिचं वेळापत्रक तिच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. रोज रात्री दप्तर कोण तपासतं?

“तिसरा म्हणजे नऊ पाचला,” आई सावकाश म्हणाली. “फोन तू दहा पस्तीसला केलास.”

हे विचारणं नव्हतं. बाहेर मिक्सर थांबला होता. वल्लरी खाली बसली, आईच्या समोर, हातभर अंतरावर, आणि फरशीच्या सांध्याकडे बघत राहिली. उत्तरं खूप होती आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं — फोन करू देत नाहीत, ऑफिसात गर्दी होती, मॅडमनी मलाच वाक्य करायला लावलं, कुलूप होतं. ती एकेक उचलून बघत होती आणि परत ठेवत होती.

“का गं?” आईने विचारलं.

एरवी आईच पुढचं बोलली असती — घाबरलीस ना, राहू दे, होतं असं — आणि वल्लरीने मान हलवली असती, आणि ते तिथेच संपलं असतं. ती त्या वाक्याची वाट बघत होती. ते आलं नाही. आई बघत होती. रागाने नाही, लाडाने नाही. वल्लरीने हे बघणं आधी कधी पाहिलं नव्हतं, किंवा आपल्या वाट्याला आलेलं पाहिलं नव्हतं. आई तिच्याकडे एखाद्या दुसऱ्या बाईकडे बघावं तशी बघत होती, जिला ती आजच भेटली होती आणि जिच्याबद्दल तिला अजून काहीच ठरवायचं नव्हतं.

“मला वाटलं,” वल्लरी म्हणाली, “तू गेलीस तर...”

तिने पुन्हा सुरुवात केली, “तू गेलीस तर मी...” आणि पुन्हा तिथेच अडली. आई मदतीला आली नाही. पण उठूनही गेली नाही. पर्स खांद्यावरून काढून तिने शेजारी ठेवली आणि पाय लांब केले. दिवसभर छातीत जे धावत होतं ते थांबलं नव्हतं, फक्त त्याने दिशा बदलली होती. आईने आता रागवावं असं तिला वाटत नव्हतं, माफ करावं असंही नाही. तिला आयुष्यात पहिल्यांदाच असं वाटत होतं की आपल्याला जे बोलायचंय ते आपल्यालाही अजून ठाऊक नाही, आणि तरी ते बोलल्याशिवाय इथून उठता येणार नाही.